पुल्ला कुणाकडे आहे?

“पुल्ला कुणाकडे आहे, ते दर वेळी तोंडाने विचारत जा गं. या घरात आपणहून कुणी सांगायचं नाही,” असं मार्केत्ताने आपल्या सुनेला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बजावलं होतं, आणि रीक्काने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. तिला वाटलं, सासूला आपल्या मुलांबद्दल कुरकुर करायची आहे आणि कुत्र्याचं नुसतं निमित्त आहे. नव्या सुनेने असल्या कुरकुरीत पडू नये. तिने मान डोलावली, शेपू घातलेले नवे बटाटे आणखी दोन वाढून घेतले आणि विषय संपवला. घरचा कुत्रा कुठे आहे हे घरातल्या माणसांना ठाऊक असतंच, असं ती धरून चालली होती. कॉलेज शिकलेली मुलगी. असल्या गोष्टी ती बिनधास्त धरून चालायची.

पुल्ला म्हणजे त्या घराचा कुत्रा. रंगाने वेलची घातलेल्या गोड पावासारखा तांबूस, अंगाने तसाच फुगलेला, म्हणून त्या पावाचंच नाव त्याला मिळालं. सासरे आर्ने यांनी तो पिल्लू असताना आणला आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. मागे राहिलं कुस्तावी गावाजवळच्या समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावरचं लाकडी घर, एक होडी आणि पुल्ला. पाइवी, रीक्काचा नवरा तुओमास आणि लाउरी या तिघा भावंडांनी वाटण्या केल्याच नाहीत. त्यात मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता. वाटण्या करायच्या तर एका टेबलाभोवती बसून बोलावं लागतं, आणि बोलण्यापेक्षा त्यांनी तिघांनी मिळून दाढा उपटून घेतल्या असत्या. म्हणून घर सामाईक, होडी सामाईक आणि कुत्राही सामाईक.

हिवाळाभर पुल्ला मार्केत्ताकडे असायचा, तुर्कू शहरातल्या तिच्या अगदी वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. जूनमध्ये शाळा बंद झाल्या की त्याला बेटावर न्यायचं आणि ऑगस्टात शाळा उघडल्या की परत आणून सोडायचं. मधल्या काळात तिन्ही कुटुंबं पाळीपाळीने बेटावर राहायची. पोरं बदलायची, आईबाप बदलायचे, पुल्ला तिथेच. “पोरांना कुत्रा मिळतो, कुत्र्याला पोरं मिळतात,” असं पाइवी म्हणायची. ती थोरली आणि शाळामास्तरीण. तिच्या तोंडून एखादं वाक्य एकदा बाहेर पडलं की घरात त्याचा कायदा व्हायचा. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मार्केत्ताला होडीत पाय टाकता येत नव्हता. तेव्हा ती उन्हाळाभर तुर्कूतच, एकटी. “आईलाही जरा शांतता मिळते,” हे वाक्यही पाइवीचंच.

शांतता हे त्या घराण्याचं कुलदैवत. इतर लोक एकमेकांना मिठाईचे पुडे देतात, ही माणसं एकमेकांना शांतता द्यायची. बेटावर पाऊल ठेवलं की फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. घरच्या ग्रुपचा आवाज बंद. सुटीवरच्या माणसाला फोन करणं म्हणजे जणू चारचौघांत त्याचा टॉवेल ओढणं. आणि सगळ्यांत कडक सोवळं पाळी बदलण्याच्या रविवारचं. जाणाऱ्यांनी लवकर निघायचं, म्हणजे येणाऱ्यांना ताटकळावं लागत नाही. येणाऱ्यांनी उशिरा यायचं, म्हणजे जाणाऱ्यांची घाई होत नाही. एकमेकांची तोंडं दिसता कामा नयेत. होडी एकच. जाणारे ती वल्हवत पलीकडच्या किनाऱ्याला आणून बांधायचे आणि गाडीत बसून निघून जायचे. येणारे तीच सोडून बेटावर जायचे. तेवढ्या मधल्या वेळात पुल्लाला पडवीत कोंडायचं, कारण मोकळा ठेवला तर तो होडीमागे पोहत सुटायचा. पडवी तिन्ही बाजूंनी काचेची होती. आर्ने तिच्यात टोमॅटो पिकवायचे.

रीक्का पूर्वेकडची, योएन्सूची. तिच्या माहेरी शेजारीण दार न वाजवता आत येते, पातेल्यावरचं झाकण उचलून बघते आणि मीठ कमी आहे असं सांगून जाते. सासरी तिच्याबद्दल बोलताना “ती पूर्वेकडची आहे ना” असं जरा आवाज खाली आणून म्हणत, एखाद्याला दुखणं आहे हे सांगावं तसं. त्यात ती काळजीखोर. मुलगी हिल्ला पाण्यात उतरायच्या आधी ही उतरून दगड चाचपणार. पुल्लाला पोहायला सोडण्याआधी काचेच्या ग्लासात समुद्राचं पाणी घेऊन उन्हात धरणार, त्यात हिरवं शेवाळं तर नाही ना म्हणून. गरमीत तसलं पाणी प्यायलं की कुत्री मरतात. तुओमास हे बघून म्हणायचा, “झालं का प्रयोगशाळेचं काम? आता तो बिचारा ओला होऊ शकतो का?”

त्या वर्षी जुलैत ऊन कडक पडलं होतं. हिल्लाची पहिली इयत्ता नुकतीच संपलेली, आणि सुटीचं तिचं सगळं काम म्हणजे पुल्ला. सकाळी त्याला बेटाभोवती फिरवायचं, दुपारी सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीखाली सावलीत निजवायचं, संध्याकाळी त्याच्या केसांतून बोटं फिरवत गोचिड्या शोधायच्या. सापडली की ती अशी ओरडायची, जणू सोन्याची खाण लागली. पुल्ला आता म्हातारा झाला होता. तो हे सगळं सहन करायचा आणि मधूनमधून उसासा टाकायचा.

मग त्यांची बेटावरची पाळी संपण्याचा रविवार आला.

“उरका लवकर,” तुओमास सकाळपासून घोकत होता. “लाउरीची मंडळी पलीकडे येऊन उभी राहायला नकोत.”

“उभी राहिली तर काय होईल?” रीक्काने विचारलं. “हात हलवू त्यांना.”

तुओमासने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने रस्त्यात नाचायची सूचना केली होती.

हिल्लाने पुल्लाला पडवीत नेलं, त्याची चादर अंथरली, वाटीत खाणं घातलं. रीक्काने पाण्याचं भांडं भरलं. मग ती पुन्हा आत गेली, ब्लूबेरी वेचायची लाल बादली काठोकाठ भरून आणली आणि भांड्याशेजारी ठेवली. मग खुर्चीवर चढून वरची एक काच उघडली.

“उंट पाळलाय का आपण?” तुओमास म्हणाला. “लाउरी येतोय दुपारी.”

“विचारलंस त्याला?”

“काय विचारायचंय त्यात? आज रविवार आहे.”

“तोंडाने विचारायला काय जातं?”

“रीक्का, अगं, बारा वर्षं हे असंच चाललंय. विचारलं तर त्याला वाटेल, आपण त्याच्या मागे लागलोय.”

आणि रीक्का गप्प बसली. सासूचे शब्द अगदी जिभेवर आले होते, पण होडीत सामान होतं, पोरगी उन्हात उभी होती, आणि इतक्या वर्षांत या माणसांनी तिला जे एकच कौशल्य शिकवलं होतं ते तिने नेमकं त्या दिवशी वापरलं. होडी निघाली. काचेआड पुल्ला उभा राहिला, एकदा भुंकला, आणि चादरीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी, तुर्कूत घरी, हिल्लाची गवती टोपी सापडेना. रीक्काला तेवढं निमित्त पुरलं.

“लाउरीला विचारते, टोपी तिथे राहिली का.”

तुओमास कामावरून येऊन नुकताच बसला होता. त्याने बराच विचार केला. “टोपीचं विचारायला हरकत नाही,” तो म्हणाला. “पण ‘घाई नाही’ असं लिही.”

रीक्काने लिहिलं, ‘हिल्लाची टोपी तिकडे राहिली का? घाई नाही. पुल्ला कसा आहे?’

तुओमासने खांद्यावरून वाचलं. “हे शेवटचं काढ.”

“का?”

“कसा आहे म्हणजे काय? त्यांना वाटेल, तुझा त्यांच्यावर भरवसा नाही.”

“कुत्र्याची खुशाली विचारली तर भरवसा नाही?”

“आपल्याकडे तसंच वाटतं.”

तिने ते पुसलं. निरोप गेला, टोपीपुरता. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. “फोन डब्यात असेल,” तुओमास म्हणाला, आणि ते अगदी पटण्यासारखं होतं. या घरात सगळंच पटण्यासारखं असतं, हाच तर त्रास होता. रेडिओवर रोज सांगत होते की गरमी वाढणार, म्हाताऱ्या माणसांची आणि जनावरांची काळजी घ्या. तुओमास ते ऐकून खिडकी उघडायचा आणि म्हणायचा, “बेटावर मात्र मस्त वारा असेल.” रीक्काच्या डोळ्यांपुढे वारा येत नव्हता. तिला टोमॅटो दिसत होते.

शेवटी तिने पाइवीला फोन केला. पाइवीने तो उचलला, पण आवाज असा काढला की तिला कुणी प्रार्थनेतून उठवलं आहे.

“काही झालं का?”

“तेच विचारतेय. लाउरी बेटावर पोचला ना? तुला काही कळलं?”

“रीक्का, हा लाउरीचा आठवडा आहे.”

“ते मला माहीत आहे गं. तो तिथे आहे का?”

“त्याचा आठवडा आहे म्हणजे तो तिथेच असणार.” पाइवी मुलांना बेरीज समजावतात तशा सुरात बोलत होती. “राहू दे ना त्यांना सुखाने. दोन दिवस जरा तूही मन शांत ठेव. पूर्वेकडे तुमच्यात सारखी वर्दळ असते, मला कल्पना आहे.”

“मार्केत्ताला विचारू का? तिच्याशी बोलला असेल तो.”

“आईला नको उगाच. लाउरी तिच्याकडे जाऊन आला असेलच. तिला शांतता हवी असते.”

रीक्काने फोन ठेवला. स्वयंपाकघरात उभी राहून तिने थंड कॉफी एका घोटात संपवली. ज्या घरात ‘असेल’ या एका शब्दावर माणसं, कुत्री, घरं सगळं टांगलेलं असतं, त्या घरात आपण लग्न करून आलो, असा विचार तिच्या मनात आला. आणि आपणही रविवारपासून त्याच खुंटीला लोंबकळतो आहोत, असाही.

सकाळी तिने हिल्लाला गाडीत घातलं.

“एका टोपीसाठी कुस्तावीला?” तुओमास दारात उभा राहून म्हणाला.

“हो.”

“आधी कळव तरी त्यांना.”

“कळवते की,” रीक्का म्हणाली आणि गाडी सुरू केली.

किनाऱ्यावर पोचल्या तेव्हा समुद्र आरशासारखा पडला होता. हिल्ला गाडीतून उडी मारून धक्क्यावर धावली आणि आनंदाने किंचाळली, “आई! टोपी! टोपी इथेच आहे!”

होडी किनाऱ्याला बांधलेली होती. फळीवर हिल्लाची गवती टोपी होती, रविवारी ठेवली होती तशीच, आत एक सुकलेलं पान पडलेलं. दोर तुओमासच्याच गाठीत होता.

रीक्का धक्क्यावर नुसती उभी राहिली. होडी इकडे, म्हणजे तिकडे कुणी गेलेलंच नाही. रविवारपासून कुणीही नाही.

“बस,” ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून हिल्लाने टोपी डोक्यावर घातली आणि होडीत बसली.

रीक्काने एवढ्या जोरात वल्ही मारली की तळहाताची कातडी गेली. अर्ध्या वाटेवर हिल्ला हाका मारू लागली, “पुल्ला! पुल्लाऽ!” होडी दिसली की तो नेहमी भुंकायचा. आज बेटावरून नुसते समुद्रपक्षी ओरडत होते.

“झोपला असेल,” हिल्ला म्हणाली.

“‘असेल’ म्हणू नकोस,” रीक्का तिच्यावर खेकसली. पोरीने टोपी डोळ्यांवर ओढली. पुढचं सगळं पाणी कापताना रीक्काला त्याचं वाईट वाटत राहिलं, पण थांबून तसं सांगायला वेळ नव्हता.

पडवीचं दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी वाफ आली, आणि घाण वास. दाराची चौकट खालच्या बाजूला कुरतडून पांढरी केलेली होती, लाकडावर वाळलेलं रक्त होतं. भांडं उलटं पडलेलं, कोरडं. पुल्ला बाकाखाली, जिथे थोडी सावली उरते तिथे, लाल बादलीला तोंड टेकून पडला होता. बादलीच्या तळाशी बोटभर पाणी होतं.

“पुल्ला,” हिल्ला म्हणाली.

त्याची शेपटी फरशीवर एकदा आपटली. उठायची ताकद नव्हती, तरी शिष्टाचार तेवढा त्याने पाळला. शेवटी तोही त्याच घरातला.

दोघींनी मिळून त्याला चादरीसकट बाहेर ओढला, झाडाखाली नेला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, पाणी थोडं थोडं द्या, एकदम नको. पंजे आणि पोट ओलं करा आणि शक्य तितक्या लवकर घेऊन या. रीक्का विहिरीच्या पाण्याने ओंजळ भरायची, तो चाटायचा, ती हात मागे घ्यायची, तो तिच्याकडे बघत राहायचा. हिल्ला टोपी पाण्यात बुचकळून त्याच्या पोटावर पिळत होती. ती रडत होती आणि त्याच वेळी त्याच्या कानामागच्या गोचिड्या शोधत होती. त्याने मान उचलून पहिल्यांदा हिल्लाचं मनगट चाटलं, तेव्हा कुठे रीक्काला श्वास घेता आला. आणि श्वास आला तसा रागही आला. तिने लाउरीला फोन लावला. या वेळी त्याने लगेच उचलला.

“अगं, रीक्का! काय म्हणतंय बेट? हवा काय झकास पडली आहे ना!”

“झकास,” रीक्का म्हणाली. “तू कुठे आहेस?”

“आम्ही ताम्परेला, सासुरवाडीत. पोरं आकाशपाळण्यांत बसतायत. तुम्ही आरामात राहा हं. आमची अजिबात घाई नाही.”

“लाउरी, आम्ही रविवारीच निघालो.”

फोनवर शांतता पसरली. त्या घराण्याचीच, पण नेहमीपेक्षा निराळी.

“निघालात? एवढ्या छान हवेत? का?”

“तू येणार म्हणून.”

“पण मी तर... म्हणजे आम्ही म्हटलं, ऊन पडलंय, हिल्ला खेळतेय, तर अजून थोडे दिवस तुम्हाला राहू द्यावं. आपला आठवडा जरा पुढे ढकलावा. तुमच्यासाठीच केलं गं!”

“आणि आम्हाला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही नको नको म्हणाला असता. उगाच संकोच वाटला असता तुम्हाला.”

“आणि टोपीचा निरोप?”

“तो बघितला. म्हटलं टोपी शोधत असाल बेटावर. सापडेलच. त्यात मी काय मध्ये पडू?”

रीक्काने पुल्लाकडे पाहिलं. तो हिल्लाच्या मांडीवर डोकं टाकून धापा टाकत होता.

“तुझं मन फार मोठं आहे, लाउरी,” ती म्हणाली. “पुल्ला रविवारपासून त्याच्यातच कोंडला होता. पाण्याची एक बादली जास्त ठेवली म्हणून जगला. तुझा भाऊ त्या बादलीला हसला होता, त्यालाही मी आज सांगणार आहे.”

लाउरी काहीतरी पुटपुटत राहिला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचाच रीक्काला जास्त संताप आला. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. फोन ठेवता ठेवता तिला काय सुचलं कोण जाणे, तिने विचारलं, “मार्केत्ताकडे शेवटचा कधी गेला होतास?”

“आईकडे? आईकडे पाइवी जाते ना.”

“पाइवी म्हणते, तू जातोस.”

“मग तुओमास जात असेल,” लाउरी म्हणाला. “तुम्ही तर एकाच शहरात राहता.”

डॉक्टरीणबाईंनी पुल्लाला सलाईन लावलं, पंजे बांधले, म्हातारा आहे पण चिवट आहे असं सांगितलं आणि त्याला घरी न्यायला परवानगी दिली. रीक्का घरी गेली नाही. ती नदीकाठच्या त्या इमारतीपाशी गेली, ज्या इमारतीवरून गेला महिनाभर, बेटावरचे दिवस सोडले तर, ती रोज बसने गेली होती आणि रोज वर बघून मनाशी म्हणाली होती की मार्केत्ताला शांतता हवी असते.

लिफ्टच्या दारावर चिठ्ठी होती: बंद आहे, दुरुस्ती सुट्यांनंतर. चिठ्ठीची कडा उन्हाने पिवळी पडली होती.

पुल्लाला कडेवर घेऊन ती जिने चढली. हिल्ला पुढे. घंटा वाजवली. आत काही हललं नाही. पुन्हा वाजवली. मग लांबून काठीचा आवाज आला, खूप हळूहळू आला, आणि दार फटीएवढं उघडलं.

“कोण मेलं?” मार्केत्ताने विचारलं.

आगाऊ न कळवता तिच्या दाराशी माणूस उभं राहण्याचं दुसरं कारण तिला माहीतच नव्हतं.

“कुणी नाही,” रीक्का म्हणाली. “मरत होता, पण राहिला.”

मार्केत्ताने फटीतून कुत्रा बघितला, त्याचे बांधलेले पंजे बघितले, आणि दार पूर्ण उघडलं. ती नुसत्या पेटीकोटवर होती. आत सगळे पडदे ओढलेले, खुर्चीपुढे पाण्याचं घमेलं, त्यात पाय सोडून ती बसत असावी. छताला लागून तापलेली हवा. टेबलावर राय पिठाच्या कडक चकत्यांचं पाकीट आणि काळी कॉफी.

“दूध संपलं?” रीक्काने विचारलं.

“संपलं मागेच. जूनअखेरच्या युहान्नुसच्या सणानंतर लिफ्ट गेली. या खुब्याने जिना काही उतरवत नाही मला.”

“तेव्हापासून तू खाली गेलेलीच नाहीस?”

“जाऊन करायचंय काय? चकत्या आहेत, डब्यातले मासे आहेत. होते.”

“शेजारी?”

“फार सुसंस्कृत शेजार आहे,” मार्केत्ता म्हणाली. “कधी दार वाजवत नाहीत.”

“अगं, मग फोन का नाही केलास कुणाला?”

मार्केत्ता खुर्चीत बसली, पाय पुन्हा घमेल्यात सोडले. “तुमची सुटी होती ना,” ती म्हणाली.

रीक्काला एकाच वेळी हसू, रडू आणि त्या घमेल्यातलं पाणी म्हातारीच्या डोक्यावर ओतायची इच्छा झाली. मला बजावून ठेवलंस, तोंडाने विचारत जा म्हणून. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा तोंड शिवून बसलीस! पण ती काही बोलली नाही, कारण मार्केत्ता पुल्लाकडे बघत होती आणि पुल्ला फरशीवरून सरपटत घमेल्यापाशी पोचला होता. त्याने तिच्या घोट्यापाशी तोंड घालून पाणी प्यायला सुरुवात केली.

“कोंडला होता?” मार्केत्ताने विचारलं.

“पडवीत. रविवारपासून.”

“आणि सगळ्यांना वाटलं, दुसऱ्याकडे आहे.”

“हो.”

“मी तुला सांगितलं होतं,” मार्केत्ता म्हणाली. रीक्काने आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य निमूटपणे ऐकून घेतलं.

संध्याकाळी तुओमासला निरोप गेला होता की दूध, लोणी, पाव, बटाटे घेऊन आईकडे ये. बराच वेळ झाला तरी तो येईना. मग रीक्काचा फोन वाजला. त्याने लिहिलं होतं: ‘खाली आहे. वर येऊ का? आईला चालेल ना?’

रीक्का खिडकीपाशी गेली, पडदा सारला आणि योएन्सूच्या बाया मारतात तशी हाक मारली. नदीपलीकडच्या उपाहारगृहात बसलेल्या लोकांनीही मान वर केली. “तुओमास! तुझी आई आहे ती! ये वर!”

“अगं, हळू,” मार्केत्ता मागून म्हणाली. पण तिला हसू आवरत नव्हतं.

त्याच रात्री रीक्काने घरच्या ग्रुपवर लिहिलं: ‘पुल्ला माझ्याकडे आहे. तो आता बेटावर एकटा राहणार नाही. लिफ्ट बंद आहे, आईला खाली उतरता येत नाही. ती कुणाकडे आहे?’ बऱ्याच वेळाने पाइवीचं उत्तर आलं: ‘अरे वा, पुल्लाची छान सोय झाली! आईला शांतता मिळू दे.’ पुढे एक अंगठा. लाउरीनेही अंगठा दाखवला. प्रश्न तिथेच पडून राहिला. मग रीक्का शाळा उघडेपर्यंत रोज, न कळवता, हिल्ला आणि पुल्लासकट ते जिने चढत राहिली. “रोज काय येतेस? लोकांना वाटेल मी आजारी आहे,” असं मार्केत्ता दार उघडताना रोज म्हणायची. टेबलावर कप मात्र मांडलेले असायचे, पुल्लाच्या वाटीसकट.

तुमच्याकडे कदाचित अशी बेटं नसतील, बिस्किटाच्या डब्यात फोनही ठेवत नसाल. पण कुणीतरी एक असेल, ज्याच्याकडे दुसरं कुणीतरी जातच असेल असं तुमच्या घरात सगळे धरून चालले आहेत. एखादी आत्या, एखादा एकटा मामा, वरच्या मजल्यावरची ती बाई जिचं दार बऱ्याच दिवसांत वाजलेलं ऐकू आलं नाही. हे वाचून झालं की उठा आणि जाऊन बघून या. आधी कळवू नका, ग्रुपवर विचारू नका. दार उघडून त्यांनी “कोण मेलं?” असं विचारलं, तर टोपी राहिली होती म्हणून सांगा.